गर्जना कंपनीला खरमरीत पत्र

पितांबर भारंबेंनी एके दिवशी ठरवलं, की आता गर्जना कंपनीला पत्र लिहायचं, आणि असं लिहायचं की वाचणाऱ्याच्या बोटांना फोड आले पाहिजेत.

पितांबरभाऊंचं फैजपूरला स्टँडजवळ लाउडस्पीकरचे अँप्लिफायर दुरुस्त करायचं दुकान होतं. हात सोन्याचा, तोंड मात्र एरंडेलाचं. (गिऱ्हाईक मशीन टेबलावर ठेवून आधी दोन पावलं मागं सरकायचं, मग काय बिघडलंय ते सांगायचं.) पण हा राग अगदीच फुकटचा नव्हता. आसपासच्या कुठल्याही मांडववाल्याकडं पाहावं तर 'गर्जना अडीचशे' हेच मशीन. आणि अठ्ठ्याऐंशी साली कंपनीनं ते मॉडेलच बंद करून टाकलं. मॉडेल बंद, म्हणजे पार्टही बंद. त्याऐवजी अधूनमधून कंपनीचं निळं पाकीट यायचं. पहिलं पाकीट त्यांनी फोडलं, तर आत नव्या मॉडेलची जाहिरात! तेव्हापासून निळं पाकीट दिसलं की पितांबरभाऊ ते न फोडताच चार तुकडे करून बंबात घालायचे.

पत्र लिहायची अडचण एकच होती. त्यांचं अक्षर त्यांनाही लागत नसे. म्हणून लिहायला पाटावर त्यांच्या बायको, कुंदाबाई, बसल्या. शाळेत असताना फळ्यावर रोजचा सुविचार त्याच लिहायच्या.

"लिही," स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत पितांबरभाऊ गरजले. "हरामखोरांनो!"

"आधी 'श्री' घालते."

"श्री कशाले? लिही, तुम्ही मशीन विकलं का पोरगी उजवली? एकदा दिली, मग मेली का जगली, पाहायचंच नाही?"

"बरं. पुढं?"

"पुढं लिही, तुमच्या मॅनेजरच्या कानात मी चारशे चाळीस व्होल्टची तार घालीन."

"'तार'ले काना एकच ना हो?"

"एकच! पण जाड दे!"

पत्र झालं. पितांबरभाऊंनी खाली दणदणीत सही ठोकली. (वाचून पाहिलं नाही, चष्मा दुकानात राहिला होता, आणि रागाला धीर नव्हता.) अशी दोन वर्षांत पाच पत्रं गेली. उत्तर एकाचंही नाही. पितांबरभाऊंचा पारा पत्रागणिक चढत गेला.

त्यात एक्क्याण्णवच्या चैत्रात सुपडू मांडववाला रडकुंडीला येऊन दुकानात उभा राहिला. त्याची 'गर्जना अडीचशे' बसली होती, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या मुलीचं लग्न.

"भाऊ, पंचवीस गावांची लग्नं मी वाजवली. अन् माह्याच पोरीचं मुकं लावू?"

"मुकं कसं लागते, पाहतोच!" पितांबरभाऊ बोलून बसले.

आत ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर जळाला होता. वस्तू लिंबाएवढी. ती जळगावात कुठंच मिळेना. जो तो म्हणे, "भाऊ, आता नवीन मॉडेल घ्या," आणि पितांबरभाऊ त्याच्या अंगावर जात. लग्न आठ दिवसांवर आलं. शेवटी कुणीतरी सांगितलं की कंपनीचा खानदेशचा एजंट धुळ्याला बसतो, रतिलाल शेठ म्हणून.

"त्याच्या दुकानाची काच फोडतो!" पितांबरभाऊ म्हणाले.

"फोडा," कुंदाबाई म्हणाल्या. "मले आखाजीले सोनगीरले माहेरी जायचंच आहे. वाटेत धुळे लागतंच."

वीस किलोचं मशीन मांडीवर आणि कुंदाबाईंना शेजारी घेऊन, चैत्राच्या उन्हात, एसटीच्या शेवटच्या बाकावर पितांबरभाऊ धुळ्यापर्यंत उकळत गेले. मांडीला मुंग्या आल्या होत्या, त्यामुळं आग्रा रोडवरच्या दुकानात त्यांचा प्रवेश हवा तसा झाला नाही. लंगडतच ते आत शिरले आणि मशीन काउंटरवर आदळून ओरडले, "कुठं आहे तुमची ती चोर कंपनी?"

रतिलाल शेठ शांतपणे म्हणाले, "बसा. काय नाव आपलं?"

"पितांबर भारंबे! फैजपूर!"

शेठ उठूनच उभे राहिले. "अरे! तुम्हीच का? किती वाट पाहायची माणसानं!"

पितांबरभाऊंचा उगारलेला हात वरच राहिला. शेठनं भिंतीकडं बोट दाखवलं. कंपनीचं छापील पत्रक तिथं चिकटवलं होतं: 'गर्जना अडीचशेच्या दुरुस्तीसाठी संपूर्ण खानदेशात एकच अधिकृत तंत्रज्ञ, श्री. पितांबर भारंबे, फैजपूर. कुशल आणि अत्यंत सौम्य स्वभावाचे गृहस्थ.'

"हे कोणी छापलं?"

"मॅनेजर साहेबांनी. तुमची पत्रं वाचून त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. नक्कल आहे ना माझ्याकडं." शेठनं चष्मा लावून वाचलं, "'आपल्या मशीनवर आमच्या भागातली शेकडो लग्नं लागली. ते माहेर तुटलेल्या लेकीसारखं झालं आहे. उरलेलं सामान इकडं पाठवल्यास मी ते जिवापाड सांभाळीन.'"

पितांबरभाऊ हळूहळू बायकोकडं वळले. आवाज चढला. "अन् ती तार?"

"वर 'श्री' घातल्यावर खाली शिवी कशी लिहू?" कुंदाबाई म्हणाल्या. "अन् शिव्या तुमच्या असल्या तरी अक्षर माझं होतं."

शेठनं मागून दोन खोकी ओढून आणली. "सहा महिने झाले कंपनीनं पार्ट पाठवून. तीन वेळा तुम्हाला निळ्या पाकिटातून कळवलं."

पितांबरभाऊंनी एक खोकं उघडलं. खोक्यात ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर कागदात गुंडाळून ओळीनं ठेवले होते. शेठचंच सोल्डरिंग आयर्न घेऊन त्यांनी तिथंच एक बसवला, आणि अर्ध्या तासात सुपडूचं मशीन असं बोललं की रस्त्यावरचे लोक थांबले.

त्या गर्दीतून एक धिप्पाड माणूस आत घुसला. शिंदखेड्याचा निंबा, त्याचाही लाउडस्पीकरचाच धंदा.

"तूच शे का तो फैजपूरवाला?" तो काउंटरवर मूठ आपटत ओरडला. "सहा महिना व्हयनात, मन्हा मशीन आठे पडेल शे! दर बजारले येस, आन शेठ सांगस, येई, येई! बठ्ठा गाव मले हासस! लाज शे का तुले?" (कोपऱ्यात त्याचं मशीन सहा महिने पितांबरभाऊंचीच वाट पाहत धूळ खात पडलं होतं.)

पितांबरभाऊंच्या मानेवरची शीर फुगली. तोंडाशी आलेली शिवी अस्सल होती. पण समोर भिंतीवर छापील अक्षरात 'अत्यंत सौम्य' लिहिलेलं होतं, आणि भोवतीचे वीस-पंचवीस लोक आधी ते वाचत होते, मग त्यांच्याकडं बघत होते. बंबात गेलेली तीन पाकिटंही आठवत होती.

"निंबाभाऊ," ते दातांच्या फटीतून म्हणाले, "उन्हातून आलात. आधी पाणी घ्या."

त्यांनी स्वतःच्या हातानं तांब्या पुढं केला. निंबा गोंधळला. पाणी प्याला, तोंड पुसलं, आणि एकदम नरमून कुंदाबाईंना म्हणाला, "वहिनी, भाऊ घरमा बी आसाच थंडा शेतस का?"

कुंदाबाईंनी पदर सावरला.

"कागदावर तरी असेच आहेत," त्या म्हणाल्या.