सन्मानपत्राची स्वारी आणि झाहारी मुताफोव यांची कबुली

अव्वल नमन विजेस, की तिच्या कृपेवाचोन ना संगणक चाले ना बखर उमटे. दुसरे नमन वाचणारांस. दान्यूब नदीचे काठी रुसे नामे शहर, तेथील विद्यापीठात संगणक-संरक्षणशास्त्राचे मातब्बर अध्यापक राजमान्य राजश्री झाहारी मुताफोव, यांनी सन्मानपत्राच्या स्वारीत जो पराक्रम केला त्याची हकिकत यथातथ्य लिहितो. लिहिणार आणि मुताफोव हे एकच इसम आहेत. परंतु 'मी' म्हणोन स्वतःस एवढ्या पदव्या लाविणे शोभत नाही, सबब तिसऱ्या माणसाच्या आडोशास उभे राहोन लिहिले आहे. माफी असावी.

मुताफोव यांची ख्याती ऐसी की, बावीस वर्षे शत्रूच्या लबाड ईमेलींचा अभ्यास करोन, अनोळखी पत्रासोबतची फाईल कदापि उघडू नये ऐसा उपदेश त्यांनी हजारो विद्यार्थ्यांस केला, आणि ज्याने उघडली त्याची भर वर्गात फजिती केली. मग मार्च महिन्यातील एके मंगळवारी सकाळी, कॉफीचा पेला हाती असता, ईमेलीने खलिता आला. मजकूर की, आपली अगाध विद्वत्ता ऐकोन लिस्बनच्या विद्वत्सभेने आपणांस जीवनगौरव बहाल केला आहे, सन्मानपत्र सोबत जोडिले आहे. मुताफोव यांनी खलिता दोनदा वाचला, मनात म्हणाले की उशीर झाला खरा, पण झाला, आणि फाईल उघडली. काहीच दिसले नाही. मग पुन्हा उघडली. मग चष्मा पुसोन तिसऱ्यांदा उघडली, आणि तेव्हा कोठे त्यांस घाम फुटला.

शत्रूची रीत ऐसी की, फाईल उघडताच संगणक फितूर होतो, बाहेरच्या एका पत्त्याशी गुपचूप बोलू लागतो, आणि चार-पाच दिवसांनी शत्रू आत शिरोन सर्व दफ्तरांस कुलपे ठोकतो आणि खंडणी मागतो. मुताफोव यांनी संगणक तत्काळ जाळ्यावेगळा केला, पत्ता टिपोन घेतला, साफसफाई केली, आणि ही गोष्ट बायकोसही सांगितली नाही. पत्ता शहरातील इतर संस्थांस कळविणे हे त्यांचे कर्तव्य. त्या विषयावर त्यांचाच साडेतीनशे पानांचा ग्रंथ आहे. परंतु कळवावयाचे तर पत्ता कोठून मिळाला हेही सांगणे आले. सबब त्यांनी कर्तव्य कपाटात ठेविले.

गुरुवारी इस्पितळाच्या संगणकांच्या किल्लेदार रादोस्तिना काब्लेश्कोवा, मुताफोव यांच्याच जुन्या विद्यार्थिनी, यांचा हुकूम सुटला की दुपारी दोन वाजता शहरातील सर्व संस्थांच्या संगणकवाल्यांनी इस्पितळात मसलतीस हजर व्हावे. मुताफोव गेले, पाणीपुरवठ्याचे संगणकप्रमुख तोन्चेव आले, आणि वस्तुसंग्रहालयाचे दफ्तर सांभाळणाऱ्या वृद्ध येलित्सा बोयानोवा आल्या. मध्ये बनित्सा नामे पापुद्र्यांच्या पक्वान्नाची परात, गरम, चीज उतू जाणारी, आणि कोणी हात लावीना.

रादोस्तिना म्हणाल्या, "आमच्या मोठ्या सर्जननं काल कुठलंसं सन्मानपत्र उघडलं. चार संगणक बाहेर बोलतायत. एक पत्ता बंद केला की दुसऱ्याशी बोलतात. सगळे पत्ते मिळाले तर सगळी दारं एकदम लावता येतील. नाही मिळाले तर चार वाजता मी अख्खं जाळं तोडणार. मग एक्स-रे नाहीत, रक्ताचे रिपोर्ट नाहीत, उद्याची ऑपरेशनं नाहीत. तुमच्याकडे असं काही आलंय का?"

तोन्चेव यांनी खाकरोन सांगितले की आमचेकडे सर्व कुशल आहे, आणि नसते तरी बाहेर सांगण्याची परवानगी नाही. येलित्साबाई पर्सची कडी उघडझाप करीत राहिल्या. मग मुताफोव उठले, आणि संकटसमयी संस्थांनी एकमेकांस माहिती देण्याची थोरवी, तिचे प्रकार आणि पोटप्रकार, यांवर आठ मिनिटे बोलले.

"सर," रादोस्तिना म्हणाल्या, "हे मला तुम्हीच शिकवलंय, दुसऱ्या वर्षाला. पत्ता आहे का? नसेल तर बनित्सा खा आणि घरी जा, मला काम आहे."

मुताफोव खाली बसले. काचेपलीकडे व्हरांड्यात सपाता घातलेला एक आडदांड गृहस्थ परिचारिकेशी बोलत होता. दार अर्धे उघडे, सबब शब्द ऐकू आले.

"उद्या उपाशीपोटी यायचं ना? मी आज सकाळपासनंच नाही खाल्लं. म्हटलं सवय होईल."

"अहो, आज जेवा की. उद्यापुरतं सांगितलंय."

"पाच महिने थांबलोय, ताई. उगाच काही चुकायला नको."

रादोस्तिना हळूच म्हणाल्या की हा ट्रॉलीबस चालवितो, हृदयाची झडप बदलावयाची आहे, आणि उद्या टळले तर पुढची तारीख कोणी सांगत नाही.

आता मुताफोव यांच्या अंतःकरणात जे युद्ध जाहले ते काय वर्णावे. एके बाजूस अब्रू, तिचे सोबत बावीस वर्षांची कीर्ती, ग्रंथ आणि फजिती केलेले सर्व विद्यार्थी, ऐसी अफाट फौज. दुसरे बाजूस सपाता घातलेला एकटा उपाशी मनुष्य. अब्रूने निकराचा हल्ला केला, घड्याळात अडीच वाजले, आणि मग अब्रूचा मोड जाहला.

"मी उघडलं," मुताफोव म्हणाले.

"काय?"

"सन्मानपत्र. लिस्बनचं. तीनदा."

"तीनदा, सर?"

"पहिल्यांदा काही दिसलं नाही म्हणून."

कोणी हसले नाही. मग येलित्साबाईंनी पर्स मिटली. "मला व्हिएन्नाचं आलं होतं. मी तर बहिणीला फोन करून सांगितलं. तिनं शेजाऱ्यांना सांगितलं. आता तिला काय सांगू?"

सर्वांनी तोन्चेव यांजकडे पाहिले. ते छताकडे पाहत म्हणाले, "पाण्याच्या क्षेत्रातलं नेतृत्व म्हणून होतं. पण मी दोनदाच उघडलं."

मग विलंब कसला? मुताफोव यांनी आपला एक पत्ता दिला, तोन्चेव यांनी परवानगी न विचारता तीन दिले, आणि येलित्साबाईंनी वही काढिली. संग्रहालयातील भांड्यांची नोंद करावी तैसे त्यांनी सात पत्ते, वार आणि वेळेसह, सुबक अक्षरात लिहोन ठेविले होते. अकरा पत्ते एकत्र जाहले. रादोस्तिना यांनी तीन वाजोन वीस मिनिटांनी अकराही दारे एकदम लाविली, आणि चारही संगणक मुके जाहले. पाऊण तास सर्व पडद्याकडे पाहत राहिले, आणि चार वाजोन गेले तरी जाळे तोडावे लागले नाही. मग बनित्सा थंडच फस्त केली. शुक्रवारी ट्रॉलीबसवाल्याची झडप बदलली, आणि शुद्धीवर येताच त्याने जेवण मागितले.

तहनामा ऐसा ठरला की, इतःपर जो फसेल त्याने त्याच दिवशी सर्वांस कळवावे, आणि कोणी हसू नये. हसावयाचे असल्यास कळवून झाल्यावर हसावे. पत्त्यांची यादी प्लेवेन, वार्ना या शहरांस आणि नदीपलीकडील रोमानियातही रवाना जाहली. यादीचा रिवाज की, प्रत्येक हल्ल्यास नाव द्यावे, आणि जो प्रथम कळवील त्याचेच द्यावे. रादोस्तिना यांनी रिवाज पाळिला.

सोमवारी प्लेवेनहून खबर आली की, मुताफोव सकाळी आला होता, वेशीतच अडविला. वार्नाहून आली की, मुताफोव दोनदा आला, हाकलिला. येणेप्रमाणे ही मोहीम फत्ते जाहली, एकही दफ्तर शत्रूचे हाती लागले नाही, आणि राजमान्य राजश्री झाहारी मुताफोव यांचे नाव दोन देशांतील इस्पितळांच्या भिंतींवर ठळक अक्षरी लागले. खाली मजकूर की, हा दिसल्यास उघडू नये. मोहोर, तारीख, आणि सही स्वहस्ते.