तात्यांचं हापिस

आमचे तात्या एकदा स्वतःच्याच अंगणाबाहेर पाऊण तास उभे राहिले होते, डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन. दार सताड उघडं होतं. आत काकी भाकरी थापत होती. तरी तात्या आत येईनात. कारण सकाळी माझ्या धाकट्या भावानं, बापूनं, अंगणात राखेच्या दोन लांब रेघा ओढून नदी केली होती आणि नदीला पूर आल्याचं सगळ्यांना बजावलं होतं.

"आवं, या की आत! राख हाय ती!" काकी ओरडली.

"पाणी लय हाय," तात्या बाहेरून म्हणाले. "कडबा भिजंल."

"मग नावंतनं या!"

"नाव तुमच्याकडं हाय. आन् नावाडी झोपलाय."

नावाडी म्हणजे बापू. शेवटी काकीनं त्याला दंडाला धरून उठवलं. त्यानं डोळे चोळत आपली नाव, म्हणजे एक परात, अंगणभर सरकवत पलीकडे नेली. तात्यांनी तिच्यात एक पाय ठेवला, लंगडत लंगडत नदी ओलांडली, अल्याड आल्यावर धोतराचा कोरडा सोगा नीट पिळला आणि म्हणाले, "हां, आता वाढ."

साल दुष्काळाचं होतं. आमचं गाव माण तालुक्यातलं. विहिरींचे तळ दिसत होते. त्या वर्षी साऱ्या गावात एकच नदी होती आणि ती आमच्या अंगणातून वाहत होती.

तात्या म्हणजे माझे चुलते. आमचे वडील, आबा, मुंबईला गिरणीत होते. घर, मेंढरं आणि आम्ही दोघं भावंडं तात्या आणि काकीच्या हवाली. त्या दोघांना मूल नव्हतं. घरात त्या गोष्टीची वाच्यता कुणी करत नसे.

खेळाच्या बाबतीत तात्यांचा एकच कायदा होता. "ज्यानं डाव मांडला, त्यानंच मिटवायचा." मिटवायचा म्हणजे तीन टाळ्या वाजवून "डाव मिटला" म्हणायचं. तोवर कुणाची सुटका नाही. बापूनं एकदा त्यांना मुका राजा केलं आणि टाळ्या न वाजवताच तो शाळेला पळाला. दुपारी मेंढरं बघायला एक गिऱ्हाईक आलं. तात्या घोंगडीवर ताठ बसून नुसती मान डोलवत राहिले. त्या माणसानं जाताना काकीला हळूच विचारलं, "कवापासनं असं झालं वो?"

"माझं लगीन झाल्यापासनं," काकी म्हणाली.

दोन वर्षांनी मी मॅट्रिक पास झाले. आमच्या घरात तोवर कुणी सातवीच्या पुढं गेलेलं नव्हतं. आबांचं पत्र आलं. त्यांना रजा मिळत नव्हती. पोरीनं साताऱ्याला जाऊन आपलं आपण कॉलेजात नाव घातलं तर तिनं शिकावं. नाहीतर घरी बसावं, दिवाळीनंतर स्थळं बघू, असं त्यात होतं. बापूनं ते पत्र मोठ्यानं वाचलं आणि मी चुलीमागं जाऊन रडले. कॉलेजचं ऑफिस म्हणजे काय, तिथं कुणाशी काय बोलायचं, मला काही माहीत नव्हतं. परक्या माणसासमोर मला स्वतःचं नावसुद्धा धड सांगता येत नसे.

तात्या जवळ येऊन बसले. "शाले, रडून हुयाचं न्हाई. डाव मांड."

"कसला?"

"हापिसाचा. मी सायब हुतो."

म्हणून मी मांडला. "तात्या, तुमी साहेब," मी नाक पुसत म्हणाले.

तात्यांना सहीपुरतं लिहिता येई. पण जमिनीच्या एका उताऱ्यासाठी त्यांनी कुठल्याशा कचेरीत अकरा खेपा घातल्या होत्या आणि तिथला साहेब त्यांना तोंडपाठ झाला होता. त्यांनी ओसरीवर पत्र्याची ट्रंक ओढली, तारेचा बिनकाचांचा चष्मा केला, तांबडी काव कालवून तिच्यात बाटलीचं बूच बुडवलं की झाला शिक्का. बापू शिपाई. मी अर्ज घेऊन उभी.

साहेबांनी माझा अर्ज उलटा धरला आणि बराच वेळ वाचला.

"हितं डाग हाय."

"तेल सांडलं, साहेब."

"उद्या या."

दुसऱ्या दिवशी मी डाग नसलेला अर्ज आणला. साहेब मेंढरं कोंडून आले, चष्मा लावला. "मोठ्यानं बोला, बाई. हितं काय कुणी निजलंय?" मी मोठ्यानं बोलले. "आरडू नका. उद्या या." असा महिना गेला. कधी साहेब जागेवर नसत, म्हणजे ट्रंकेमागं तोंड लपवून बसत. कधी माझा कागद शेळीनं खाल्ला म्हणून नवा मागत, आणि तो खरोखरच शेळीनं खाल्लेला असे. मी वैतागायला लागले, मग भांडायला लागले. एके संध्याकाळी मी ट्रंकेवर हात आपटून म्हणाले, "साहेब, मी आज कागद घेतल्याशिवाय जाणार नाही!"

तात्यांनी चष्म्याच्या तारेवरून माझ्याकडं पाहिलं. बूच उचललं आणि अर्जावर ठसठशीत शिक्का मारला. "आता जावा साताऱ्याला."

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी होती. गडबडीत टाळ्या वाजवायच्या राहिल्या.

कॉलेजातले खरे कारकून वयस्क, मवाळ गृहस्थ होते. "बस, बाळ. पाणी पिणार का?" म्हणाले. मी मोठ्यानं नाव, गाव, गुण सांगितले. पंधरा मिनिटांत सगळं झालं. मी जागची हलेना.

"अजून काय हवं?"

"उद्या कधी येऊ, साहेब?"

"उद्या कशाला? झालं तुझं."

माझा विश्वास बसेना. मी प्रत्येक अर्ज तीनतीनदा लिहून आणला होता, आणि कापडात तीन दिवसांच्या भाकरी. तात्यांच्या हिशेबानं तीन दिवसांच्या आत कुठलंच हापिस हलत नाही. त्यातली एक भाकरी त्या कारकुनांनी चटणीबरोबर आवडीनं खाल्ली.

चार वर्षं मी वसतिगृहात राहिले. बापूच्या पत्रात एक ओळ ठरलेली असे: "तात्या अजून साहेब आहेत." मी हसून सोडून देई. सुट्टीत घरी गेले की तात्या संध्याकाळी ट्रंकेपुढं चष्मा लावून बसलेले दिसत. आळीतली पोरं चिंचा पाडायला, उशिरा घरी जायला परवानगी मागणारे अर्ज आणत. मी ते बघे आणि पुस्तकात डोकं घाले. कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं ओसरीवर उभं राहून टाळ्या वाजवायची मला लाज वाटे. हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

मी बी.ए. झाले आणि सांगलीच्या एका शाळेत मला नोकरी मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी काकी मला मागच्या दारी घेऊन गेली.

"शाले, मिटव बाई त्यो डाव. जेवायला या म्हनलं तर अर्ज मागत्यात. चार वर्षं झाली. मी म्हनलं, मी मिटवते. तर म्हनत्यात, मूळ अर्जदार आल्याबिगर दप्तर बंद करता येत न्हाई."

संध्याकाळी मी गुणपत्रिका घेऊन ट्रंकेपुढं उभी राहिले. तात्यांनी चष्मा सारखा केला. गुणपत्रिका उलटी धरली आणि खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं.

"पास?"

"पास, साहेब. तुमचं काम झालं. आता तुमची सुटका."

मी दोन्ही हात वर केले. एक टाळी वाजली. दुसरी वाजली. तिसरीच्या आधी तात्यांनी माझा हात धरला.

"एक कागद कमी हाय, बाई," ते म्हणाले. "उद्या या."

"उद्या मी सांगलीत असेन, साहेब."

"मग दिवाळीला या. न्हाईतर उन्हाळ्यात. हापिस उघडंच हाय."

काकी दारात उभी होती. तिनं पुढं येऊन पदरानं ट्रंकेवरची धूळ पुसली आणि आत गेली. मी हात खाली घेतले. तात्यांनी बूच कावेत बुडवलं आणि माझ्या मनगटावर शिक्का मारला. "ही पोच. जपून ठेवा."

सांगलीला पहिल्या दिवशी हजेरीपटावर सही करताना मुख्याध्यापिकाबाईंनी ती लाल खूण पाहिली. "लागलं का काही?"

"नाही बाई," मी म्हणाले. "गावाकडं एक अर्ज दिलाय. दिवाळीला परत बोलावलंय."