मन्मथअप्पांची मुकी पाखरं

आमच्या शेजारच्या मन्मथअप्पांच्या परसात आलेल्याला चहा मिळतो, पण आधी पाखराचा आवाज काढून दाखवावा लागतो.

"ते बघ, लिंबावर. काय म्हणतंय?"

"कोकीळ आहे, अप्पा. कुहू म्हणतोय."

"सांगू नको. काढून दाखव. हितं, कानापाशी."

मग मी, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, बी.एस्सी. झूलॉजी, भर सकाळी म्हाताऱ्याच्या कानात कुहू करते. भिंतीपलीकडं भांडी घासणारी आई विचारते, "यासाठी शिकवली व्हय तुला?" मी ओरडून सांगते, यासाठीच. शिक्षणाची मला लाज नाही आणि कुहूचीही नाही.

अप्पांची उमर तेरखेड्यात फटाके बनवण्यात गेली. तयार माल वाजवून बघायचं काम त्यांचं. पाखरांची ओळखही ते त्याच हिशोबानं करतात. हुदहुद्यानं तुरा उघडला की "झाड पेटलं." शिंजीर म्हणजे फुलबाजी. सातभाई म्हणजे लड, एकानं तोंड उघडलं की शेवटचा वाजेपर्यंत थांबायचं नाव नाही. कुंपणाखालून मुंगूस पळालं की "वात गेली, सरका मागं." भारद्वाजावर मात्र त्यांचा राग. "एवढा मोठा सुतळी बॉम्ब. आपण लांब जाऊन बसावं, अन् ह्यो नुसता चालत निघून जातो. फुसका."

एकच गोष्ट ते कबूल करत नाहीत, कान गेल्याची.

"माझं कान ठणठणीत हायत. पाखरंच हल्ली बोलंनात. उन्हानं मुकी झाली."

मुकी झाली, तर हा माणूस रोज त्यांचे आवाज कशाला मागतो, हे मला कळत नव्हतं. उन्हाळा लागल्यापासून घरचे त्यांना धाराशिवला कानाच्या डॉक्टरकडं न्यायला बघत होते. ते म्हणायचे, मशीन त्या पाखरांना बसवा. मला गोड बोलता येत नाही, मी तोंडावर विचारलं, "अप्पा, तांबट कधीचा डोक्यावर टुक टुक करतोय. तो मुका कसा?"

"मग म्या लबाड व्हय?"

त्या दिवशी चहा नाही.

परवा सकाळी गेले तेव्हा ऊन अजून भिंतीवर चढलं नव्हतं. लिंबाखालच्या परातीत बुलबुल अंघोळ करत होता आणि अप्पा पुढं वाकून, श्वास रोखून त्याला बघत होते. मागून त्यांची सून चहा घेऊन आली. कडेवर पोरगी, अजून चालायला न लागलेली. पोरीनं अप्पांच्या पाठीकडं बघितलं आणि म्हणाली, "आप्पा."

सून जागीच थांबली. पुढं येऊन तिनं अप्पांचा खांदा हलवला. "मामा, ऐकलं का? पैल्यांदाच बोलली. तुमचंच नाव घेतलं."

अप्पांनी वळून सुनेच्या तोंडाकडं बघितलं, मग पोरीकडं. हसले. "ऐकलं की. ऐकलं."

सून कट्ट्यावर चहा ठेवून घरात सांगायला पळाली. ती दिसेनाशी होईपर्यंत अप्पा हसत राहिले. मग त्यांनी कान माझ्याकडं केला.

"काय म्हनली?"

"आप्पा म्हणाली," मी मोठ्यानं सांगितलं.

"ते कळलं गं. पर म्हनली कशी?"

मी त्यांच्या कानापाशी वाकले. आजवर परसातली सगळी पाखरं काढली होती, पण हे एकदम जमेना. ओठ मिटून, मध्येच अडखळून, तिच्यासारखं म्हणून दाखवलं.

"पुन्हा."

पुन्हा म्हटलं. परातीतला बुलबुल कधी उडाला, दोघांनीही बघितलं नाही. अप्पांनी निवलेला चहा उचलला, एका घोटात संपवला आणि रिकामी कपबशी हातात धरून बसले.

"धाराशिवला जायाला पैली गाडी कवा हाय गं?"