शास्त्रसिद्ध पळीची हकीकत

श्री. अन्नपूर्णा प्रसन्न असो, आणि अन्न मोजणारांस सुबुद्धी देवो. शके सोळाशे बावन्न, साधारण नाम संवत्सरी, एका राज्यी ऐसे घडले की, महाराजांचे मनी आले, माणसास दिवसास किती अन्न पुरे याचा शास्त्राने एकदाचा निकाल लावावा. मग तिघांस आज्ञा जाहली. गणितशाळेचे आचार्य त्र्यंबकभट यांनी हिशेब करावा, यंत्रशाळेचे आचार्य विसाजीपंत यांनी त्या मापाचे यंत्र घडवावे, आणि खाल्ले अन्न अंगी कैसे लागते या शास्त्रात निपुण मथुराबाई यांनी सर्व पारखून शेवटी मोर्तब करावे.

मग दरबारचे पंगतीस मानकरी बसविले, आणि ताटे आधी तोलिली, मग उष्टी तोलिली, आणि जे वजा जाहले ते माणसाचे अन्न ऐसे धरिले. आता त्या राज्यीची रीत ऐसी की, राजाचे पंगतीस भुकेले जाणे म्हणजे घराण्यास बट्टा. सबब जो तो घरी आकंठ जेवून येई, पंगतीत दोन घास चिवडी, आणि तृप्त जाहलो म्हणून ढेकर देई. ही रीत पोरासोरांस ठाऊक. त्र्यंबकभट स्वतः घरी पुरणपोळीवर आडवा हात मारून तागडीपाशी उभे राहिले होते. मथुराबाईंनी घाटाखाली जाऊन तोफ ओढणारे गड्यांचीही ताटे तोलिली होती, ते आकडे भटजींपुढे ठेविले, तो भटजी म्हणाले की हे सरासरीपासून फार दूर पडतात, सबब सदोष. आणि खोडून टाकिले. डोळ्यांदेखत खरे खोडिले, आणि त्यास शुद्धीकरण हे नाव दिले. बाईंचे तळपायाची आग मस्तकास गेली, परंतु मोर्तब आपलेच हाती आहे म्हणून त्या उगी राहिल्या.

विसाजीपंतांस तितका धीर कोठला? मोर्तबाआधीच त्यांनी यंत्र घडविले. चाक फिरवावे, पळी रांजणात बुडावी, नेमके दोन घास कण्या ताटात पडाव्या, आणि कळ बसावी ती दुसरे दिवसापर्यंत उघडू नये. यंत्र सुरेख जाहले यात वाद नाही. आणि ते नेऊन बसविले कोठे? ज्यांची ताटे तोलिली त्या मानकऱ्यांचे मुदपाकखान्यात कोणी बसवीना. बसविले घाटाखाली, तोफ ओढणारांचे गोटात.

मग थोरली तोफ गडावर न्यावयाची ठरली, आणि गडी त्या पळीवर दोर ओढू लागले, आणि थोड्याच दिवसांत अर्धे घाटात दोर सुटला, आणि तोफ मागे आली, आणि सुभान्या म्हणून धट्टाकट्टा गडी होता त्याचा पाय चाकाखाली गेला. बाई धावल्या. गड्यांचा नाईक हैबती मान खाली घालून म्हणाला, "बाई, दोर तुटला न्हाई. आमच्याच हातनं सुटला. धरायाचं बळच न्हाई राह्यलं."

बाई तशाच दरबारी गेल्या, आणि भर सभेत म्हणाल्या, "सरकार, हे मानकरी पंगतीस घरून जेवून आले होते. हे आचार्यही जेवून आले होते. आणि हे सरकारांसही ठाऊक होते."

मग त्र्यंबकभट म्हणाले की घरचे जेवण प्रश्नातच नव्हते, हिशेबात चूक असेल तर दाखवावी. आणि विसाजीपंत म्हणाले की यंत्र एका शितानेही चुकले असेल तर दाखवावे. चूक खरेच नव्हती, हेच लांछन! महाराजांनी मोर्तब करावयास फर्माविले. बाईंनी शिक्का न उमटविता सिंहासनाचे पायरीवर ठेविला, आणि घाटाखाली येऊन हैबतीस सांगितले, "पोट भरेपर्यंत दोराला हात लावू नका."

तोफ अर्धे घाटात बसली ती बसली. दरबाराने आधी हुकूम सोडिले, मग धमक्या दिल्या, मग दुसरे गडी शोधिले, ते कोणी येईना; आणि मानकऱ्यांस ओढा म्हणावे तर त्यांचे पोट आड येई. शेवटी कळ काढविली, आणि रांजण उघडा जाहला. परंतु फर्मान निघाले ते ऐसे की, शास्त्र निर्दोष ठरले असून गड्यांस अधिक अन्न केवळ सरकारकृपेने मिळत आहे. दोघां आचार्यांस शालजोड्या मिळाल्या, आणि मथुराबाईंस हद्दपारी.

तात्पर्य, गडी जेवले, तोफ गडावर गेली, आणि शास्त्रास डाग लागला नाही. सुभान्याचा पाय कोणते सदरी मांडावा हे कोणी विचारिले नाही, सबब येथे मांडिला.