रिकामी करवंटी आणि सहा पायऱ्या

एका जंगलात, मुलांनो, भांडणं अगदी नियमितपणे होत असत. तशी ती सगळ्याच जंगलांत होतात. पण या जंगलात ती समजावून सांगायला एक गुरुजी होते.

गुरुजी म्हणजे एक साळिंदर. नाव काटेगुरुजी. अंगभर काटे असलेल्या प्राण्याने सलोख्यावर व्याख्यानं द्यावीत, याचं तुम्हाला हसू येत असेल. हसू नका. मीही बोधकथा लिहितो आणि माझ्या घरात माझं कुणी ऐकत नाही.

गुरुजींचं म्हणणं असं, की भांडण एकदम होत नाही, ते सहा पायऱ्या चढून येतं. आधी मनात काहीतरी खुपतं. मग जुनं आठवू लागतं. मग ते तिसऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मग बोलणं बंद. मग बाजू पडतात. आणि शेवटी मधे भिंत.

भांडण निस्तरायच्या रीतीही त्यांनी शोधल्या होत्या. रानडुक्कर धडक देतं, ससा मान तुकवतो, माकड अर्धं-अर्धं वाटून घेतं, मुंग्या मिळून वाट काढतात. "आणि खवल्या मांजर अंगाचा गोळा करून पडून राहतं!" गुरुजी म्हणत. "ही रीत अगदीच टाकाऊ." इथे सभा हमखास हसायची.

हे खवल्या मांजर म्हणजे गुरुजींचा शेजारी, खवलू. दोघांचं बीळ एकच, तोंडं दोन, आणि मधे एक सामाईक खोली. थंडीत दोघं तिथे पाठीला पाठ लावून झोपत. साळिंदराला चिकटून झोपू शकेल असा अख्ख्या जंगलात तो एकटाच होता. बाकीच्यांना काटे टोचत. खवलूच्या अंगावर जाड खवले, त्याला कळतही नसे. "काट्या, जरा सरक," एवढंच तो म्हणे. गुरुजींना 'काट्या' म्हणणाराही तोच एक उरला होता.

दोघांत एक करवंटी होती. गुरुजी तिच्यात कंद घालून पाठवत. खवलू तिच्यात मुंग्या भरून ती गुरुजींच्या हातात आणून देई. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत तुमच्या घरी आहे तशी तिथेही होती.

आता गंमत ऐका. खवलूला दातच नव्हते, तो कंद खाणार कसे? तो ते सांबराच्या वाटेवर ठेवून येई. आणि गुरुजींना मुंग्या बघूनच कसंतरी व्हायचं. ते त्या मागच्या दारी सोडून देत. दुसऱ्या दिवशी दोघंही म्हणत, "वा! काल काय चव होती!" अशी दहा वर्षं सुखात गेली.

एके दिवशी गुरुजी पलीकडच्या टेकडीवर व्याख्यान देऊन संध्याकाळी घरी आले. दारात करवंटी होती. रिकामी.

गुरुजींचे काटे फुलले. "खुपतंय," ते स्वतःशी म्हणाले. "म्हणजे ही पहिली पायरी. बरोब्बर!" आपला सिद्धांत इतका खरा निघाल्याचा त्यांना अभिमान वाटला, आणि त्या भरात ते दुसरी पायरी चढून गेले. खवलूने एकदा त्यांच्या दारात माती टाकली होती, ते त्यांना आठवलं. गेल्या वर्षी आपल्या सत्काराला तो पेंगत होता, तेही आठवलं. ज्या मुंग्या त्यांनी कधी खाल्ल्या नव्हत्या, त्यांच्यासाठी त्यांचा जीव तुटू लागला.

सकाळी ते घोरपडमावशींकडे गेले. "मावशी, कुणाला सांगू नका हं," ते म्हणाले. मावशींनी शब्द पाळला. एकदम सगळ्यांना नाही सांगितलं, एकेकाला गाठून सांगितलं.

दुपारी खवलू आला. "गुरुजी, माझं काही चुकलं का?"

"आता मी गुरुजी झालो वाटतं!"

"अहो, लोकांच्या तोंडून तेच ऐकतो ना... काय झालं ते तरी सांगा."

"ते ज्याचं त्याने ओळखावं."

खवलूने बिचाऱ्याने अंगाचा गोळा केला. "बघा, टाकाऊ रीत!" गुरुजी म्हणाले. तिथे बघायला कुणी नव्हतं. बोलणं मात्र बंद झालं.

मग बाजू पडल्या. घोरपड, साप, सरडे, झाडून सगळे खवलेवाले खवलूच्या बाजूला गेले. काटेवाल्यांच्या बाजूला गुरुजी आणि एक बाभूळ. बाभळीला कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात गुरुजींनी सामाईक खोलीत मातीची भिंत घातली. तिला ते भिंत म्हणत नसत. 'सुसंवादासाठी राखलेलं अंतर' म्हणत.

त्याच वर्षी जंगलाला 'तंटामुक्त जंगल' असा मान मिळाला. तंट्यांची नोंद गुरुजीच ठेवत, आणि स्वतःचा तंटा त्यांना नोंदवण्याइतका मोठा वाटला नव्हता. सत्कारात त्यांना शाल घातली. ती काट्यांत अडकून टरकन फाटली. ती लोंबत असतानाच गुरुजींनी सहा पायऱ्या सांगितल्या. रिकाम्या करवंटीचं उदाहरणही दिलं, अर्थात नाव न घेता.

सभा संपल्यावर एक मुंगी त्यांच्या पायाशी आली.

"गुरुजी, ती करवंटी रिकामी नव्हती. आम्ही होतो तिच्यात."

"मग गेलात कुठे?"

"घरी. खवलूदादा सकाळी आले, तर तुम्ही नाही. दुपारपर्यंत दारात बसले बिचारे. शेवटी करवंटी ठेवून गेले. आम्ही तरी किती वेळ बसणार? आम्हाला पाय आहेत."

आपण त्या दिवशी कुठे होतो, हे गुरुजींना आठवलं. टेकडीवर. भांडण कसं टाळावं, यावर बोलत.

थंडी सुरू झाली होती. भिंत घातल्यापासून गुरुजींना धड झोप नव्हती. खवलूची त्यांना फार आठवण येत होती, अगदी रडू येईल इतकी. ते घरी आले, करवंटी घासली, कंद भरले. वाटेत दोनच शब्द घोकले. चुकलं माझं. चुकलं माझं.

खवलू आपल्या दारात गोळा होऊन पडला होता. "खवलू," गुरुजी हळूच म्हणाले.

गोळा जरा सैल झाला. त्यातून एक लांबट नाक बाहेर आलं. मग एक डोळा. "कोण? काट्या?"

गुरुजींनी तोंड उघडलं. पण तोंडाला दहा वर्षांची सवय होती.

"खवलू," तोंड म्हणालं, "कोणतंही भांडण सहा पायऱ्या चढून येतं. पहिली पायरी..."

डोळा मिटला. नाक आत गेलं. गोळा घट्ट झाला.

गुरुजींना थांबायचं होतं, पण मधेच थांबायचं कसं, हे ते कधी शिकलेच नव्हते. त्यांनी सहाही पायऱ्या सांगितल्या, पाचही रीती सांगितल्या, आणि शेवटी खवलूकडे पाहिलं. गोळ्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. करवंटी तिथेच ठेवून ते आपल्या बाजूला आले आणि भिंतीला पाठ लावून आडवे झाले.

भिंत गार होती.

"जरा सरक," गुरुजी म्हणाले.

भिंत सरकली नाही.

तात्पर्य : भांडणाच्या पायऱ्या लहानपणीच पाठ कराव्यात, म्हणजे चढताना कुठेही ठेच लागत नाही.

(शेजारच्या चौबळकाकूंची स्टीलची वाटी दीड वर्षापासून माझ्याकडे आहे. काकू हल्ली जिन्यात दिसल्या तरी बोलत नाहीत. वाटी रिकामी कशी परत करायची, म्हणून तिच्यात काय घालावं याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात ही गोष्ट सुचली, आणि वाटी राहिलीच.)