ठमाबाईसाहेबांचे मुख उघडले त्याची हकीकत

मावशीसाहेबांकडून फोनावर खलिता आला की, "काय गं, ठमी खाते का आता?" त्यास "हो" एवढाच जबाब रवाना करता आला असता. परंतु ज्या एका "हो"पायी घरातील तीन थोर माणसे जेरीस आली, एक स्टूल मोडता मोडता वाचले आणि एका नामांकित जाहिरात-कचेरीचा सिद्धांत जेवणाच्या टेबलावर चारी मुंड्या चीत झाला, तो "हो" इतक्या स्वस्तात देणे दौलतीच्या लौकिकास शोभेना. सबब राजकन्या निद्रिस्त आहेत तोवर, जैसे घडले तैसे, तिखटमीठ न लावता (तिखट त्यांस अद्याप वर्ज्यच आहे) सविस्तर लिहिले आहे. मध्येच एखादे वाक्य तुटले तर चिटणिसास बोल न लावता पाळण्याकडे पाहावे.

श्रीमंत ठमाबाईसाहेब, उमर तेरा महिने, दात सहा, केस एका शेंडीपुरते. नाव ठमी, परंतु देहाने काडी. उंच खुर्चीच्या सिंहासनी विराजमान होत, आणि आईसाहेबांनी भोपळा व तांदूळ एकत्र शिजवून, कुस्करून, फुंकून, खासा चाखून नजर केलेला चमचा जवळ आला की ओठ ऐसे मिटत की जणू तिन्हीसांजेस किल्ल्याचा दरवाजा लागला. मग विमान आले, चिऊ आली, काऊ आला, आणि सारे दरवाजावर आपटून माघारी गेले, आणि भोपळा कधी भुवईस, कधी भिंतीस, कधी आईसाहेबांच्या चष्म्यास लागला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काट्यावर बसविले, तो काटा मागील खेपेस होता तेथेच. बाईंनी फर्माविले की घाबरण्याचे कारण नाही, परंतु पुढील खेपेस हा काटा हललेला दिसावा. "घाबरण्याचे कारण नाही" हे ऐकताच आईसाहेब घाबरल्या.

ऐशा बिकट समयी दौलतीस एकच दोस्त होता, तो म्हणजे गच्चीची गळती थांबविणाऱ्या लेपाची जाहिरात. आजोबा अण्णासाहेब दोन्ही वेळेस बातम्या लावून, हाती वर्तमानपत्र धरून बसत, त्यांची आरामखुर्ची सिंहासनाच्या लगत, आणि बातम्यांच्या मधून मधून ती जाहिरात येई. तीत एक गृहस्थ शिडीवर चढे, छतातून टपटप पाणी गळे, खाली बायको बादली धरून उभी. गृहस्थ लेप लावी. मग सारे स्तब्ध. मग गृहस्थ मान वर करून, छताखाली भले मोठे "आ" वासून, थेंब पडतो की काय याची वाट पाही, आणि थेंब काही पडत नसे, आणि मग तो डोळे विस्फारून म्हणे, "थांबली!" एकंदर कारभार तीस सेकंदांचा. त्या "आ"च्या घटकेस राजकन्येचेही मुख उघडे आणि आईसाहेब विजेच्या चपळाईने चमचा आत सारीत. बातम्या जगबुडीच्या असोत की निवडणुकीच्या, आईसाहेबांनी कधी ऐकल्या नाहीत. त्या फक्त गळतीची वाट पाहत, आणि येणेप्रमाणे वाटी अर्धी तरी सर होई.

आता ठमाबाईसाहेबांचे वडील. यांची आसामी जाहिरात-कचेरीत कलनवीसाची, म्हणजे रयतेचा कल कोणीकडे झुकतो हे हेरावयाचे आणि माल विकणाऱ्यांस आगाऊ खबर द्यावयाची. लोक हल्ली आवाज बंद करून पाहतात, लोकांस मातकट रंग आवडू लागले, लोकांस साधेपणा हवा आणि तो महागातला हवा, ऐशा एकाहून एक खबरा ते आणीत. मातकट रंगाची खबर त्यांनी इतक्या मनोभावे आणली की त्यांचे स्वतःचेच चार सदरे मातकट झाले आणि आईसाहेबांस धुण्यात कोणता मळका आणि कोणता नवा हे कळेना. त्या वर्षीची त्यांची सर्वांत मोठी खबर ही की, लोकांचा धीर सरला. तीस सेकंद कोणी थांबत नाही, सबब जाहिरात सहा सेकंदांत आटोपावी. कचेरीचे थोरले साहेब खूश झाले, खिडकीजवळचे टेबल बक्षीस दिले आणि हुकूम सुटला की, पहिली कात्री गळतीच्या जाहिरातीस लावावी. घरात काय शिजते आणि कोणाच्या "आ"वर शिजते, हे कलनवीसांस ठाऊक नव्हते, कारण ती घटका त्यांच्या कचेरीची.

मग तो दिवस उगवला. आईसाहेब चमचा भरून दबा धरून बसल्या, जाहिरात आली, लेपाचा डबा दिसला, "थांबली!" ऐसा शब्द झाला आणि जाहिरात नाहीशी झाली. शिडी नाही, बादली नाही, "आ" नाही. चमचा अधांतरी, राजकन्येचे ओठ मिटलेले. दुसरे दिवशी तेच, तिसरे दिवशी तेच. संध्याकाळी कलनवीस घरी येऊन मोजे काढीत होते, तो आईसाहेब चमच्यासह सामोऱ्या गेल्या.

"अरे, ती गळतीची जाहिरात कुणी कापली?"

कलनवीसांचा चेहरा उजळला. "मी! कशी वाटली?"

यानंतर दिवाणखान्यात काय वर्तले ते सारेच लिहिण्याजोगे नाही. ते म्हणाले की अगं, हल्ली लोकांना सहा सेकंदांवर दम निघत नाही. त्या म्हणाल्या, "लोकांना नसेल निघत. तुझ्या लेकीला निघतो. अख्ख्या घरात जाहिरात मन लावून बघणारी ती एकटी, आणि तुम्ही तिचीच कापलीत!" कलनवीसांनी एका हाती मोजा धरून राजकन्येकडे पाहिले. मनगट बारीक दिसले. मग मोजा गळून पडला आणि त्यांनी शब्द दिला की, जाहिरात मी परत आणीन.

पहिली चाल फोनावरून झाली. जुनी जाहिरात फोनात सापडली, परंतु ती सुरू होण्याआधी दुसरी एक जाहिरात आडवी आली. जाहिरात पाहण्यास आधी जाहिरात पाहावी लागते हा इनसाफ पाहून आईसाहेबांनी कलनवीसांकडे असे पाहिले की ते म्हणाले, "हे मी नाही केलं." तोवर राजकन्येने फोन हस्तगत करून त्याचा कोपरा मुखी घातला. भोपळा वर्ज्य, फोन मात्र गोड. फोन पुसून म्यान केला.

दुसरी चाल मात्र सुट्टीचे दोन दिवस गाठून, पुऱ्या सरंजामानिशी. कलनवीसांनी कचेरीतून अखंड जाहिरात आणली आणि सोबत एक चिमुकला कॅमेरा आणला, जो पडद्याच्या माथ्यावर बसवितात आणि पाहणाऱ्याची नजर क्षणोक्षणी कोठे पडते ते टिपून ठेवतो. मसलत ऐसी की, राजकन्येस जाहिरातीतले नेमके काय भावते, शिडी की बादली की बायको, हे एकदा कळले की तेवढेच पुन्हा पुन्हा दाखवावे. सिंहासन उचलून पडद्याच्या ऐन समोर मांडले. अण्णासाहेबांची आरामखुर्ची आड येत होती, सबब कलनवीसांनी विनविले.

"अण्णा, जरा मागं सरका ना. तिच्या आणि टीव्हीच्या मधे कुणी नको."

"बातम्या माझ्या, खुर्ची माझी, आणि मीच अडगळ?" ऐसे पुटपुटत अण्णासाहेब वर्तमानपत्र घेऊन राजकन्येच्या पाठीमागे जाऊन बसले.

जाहिरात सुरू झाली. गृहस्थ शिडी चढला. आईसाहेब पडद्याच्या बाजूने चमचा परजून सिद्ध. लेप लागला, सारे स्तब्ध झाले, "आ"ची घटका आली, आणि नेमक्या त्या घटकेस राजकन्येने गर्रकन मान मागे फिरविली आणि भोपळा कानामागे गेला. पुन्हा जाहिरात, पुन्हा मान मागे, भोपळा दुसऱ्या कानामागे. ऐसे वाटी संपेतो चालले. वाटी संपली खरी, परंतु पोटाबाहेर. राजकन्या रडल्या, आणि त्यांस न्हाऊ घालताना आईसाहेबही थोड्या रडल्या, परंतु नळ चालू होता म्हणोन त्याची नोंद नाही.

कलनवीस कॅमेऱ्याने टिपलेले पाहू लागले, तो "आ"च्या घटकेस नजरेचा एकही ठिपका पडद्यावर नाही. राजकन्येची नुसती शेंडी दिसत होती. ते खट्टू होऊन बंद करणार, इतक्यात आईसाहेब ओल्या हातांनी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "थांब. शेंडीच्या मागं बघ."

शेंडीच्या मागे अण्णासाहेब बसले होते. शिडी येताच त्यांचे वर्तमानपत्र खाली झाले. लेप लागताच मान वर झाली. मग डोळे छताकडे लावून, गृहस्थाबरोबर, अण्णासाहेबांनी भले मोठे "आ" वासले. आणि शेंडी त्यांच्याकडे वळली.

कलनवीसांनी ते तीनदा पाहिले. जाहिरात राजकन्येने कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी जाहिरात पाहणारा आजा पाहिला होता. आणि सहा सेकंदांत आजाचे वर्तमानपत्रदेखील खाली होत नाही.

आता वाटावे की मोहीम फत्ते झाली. परंतु खरा बिकट गड येथून पुढे. सकाळी सूनबाईंनी आर्जवाने विनविले की, अण्णा, ठमीसमोर एकदा ते "आ" करून दाखवा ना. अण्णासाहेब कानकोंडे झाले. "मी? मी कशाला आ करीन? मी बातम्या बघतो." मग कलनवीसांनी चित्र पुढे केले. अण्णासाहेबांनी चष्मा चढवून पाहिले आणि निकाल दिला की, "जांभई आली असेल." आणि वर्तमानपत्र ऐसे उभे केले की वरून नुसता कपाळाचा कळस दिसावा. दुपारी जाहिरात लावून पाहिली, तरी वर्तमानपत्र हलले नाही. आपल्याला कोणी पाहते आहे हे एकदा कळले की माणूस पहिल्यासारखा वागत नाही, हे कलनवीसांच्या धंद्यातले पहिले कलम, आणि ते त्यांनी स्वहस्ते घरी मोडले होते.

संध्याकाळी वाटी पुन्हा भरली. राजकन्या सिंहासनी, ओठ मिटलेले, डोळे वर्तमानपत्राकडे. तेव्हा कलनवीसांनी पडदा बंद केला, स्वयंपाकघरातले स्टूल आणिले, मातकट सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि खासा स्टुलावर चढले. एका हाती झाडू, तोच लेपाचा कुंचला. आईसाहेबांनी बादलीच्या जागी पातेले धरले. मग कलनवीस छतास लेप लावू लागले आणि तोंडाने टपटप करू लागले, आणि स्टूल डुगडुगले, आणि त्यांनी घाईघाईने तोंड उघडून लागलीच मिटले आणि म्हणाले, "थांबली."

वर्तमानपत्रामागून उसासा आला.

कलनवीसांनी पुन्हा केले. पहिल्याहून वाईट.

येथे सांगणे जरूर की, अण्णासाहेबांनी उमेदीच्या काळी कचेरीच्या नाटकात पहारेकऱ्याची भूमिका केली होती. भाला धरून उभे राहावयाचे, संवाद नाही. परंतु त्या दिवसापासून कोणी वाईट नाटक केले की त्यांस सोसवत नाही. तिसऱ्या खेपेस वर्तमानपत्र जमिनीवर पडले.

"अरे, काय चाललंय काय! थेंबाची वाट बघायची असते. तू तर बस चुकल्यासारखा उभा आहेस! उतर खाली. आणि सूनबाई, पातेलं वर धर, पाणी काय पायावर घेणार आहेस?"

अण्णासाहेबांस स्टुलावर चढू दिले नाही, तेव्हा त्यांनी जमिनीवरूनच मोहीम हाती घेतली. झाडू घेतला. लेप सावकाश लावला, कोपरेसुद्धा सोडले नाहीत. मग झाडू टेकला आणि थांबले, आणि इतके थांबले की घर थांबले. मग मान वर गेली, भुवया वर गेल्या आणि मुख उघडले, आणि न येणाऱ्या त्या थेंबासाठी उघडेच राहिले. सिंहासनावर सहा दात दिसू लागले. आईसाहेबांनी चमचा आत सारला. भोपळा गेला. अण्णासाहेब म्हणाले, "थांबली!" आणि राजकन्या हसल्या, आणि हसताना मुख उघडले म्हणोन दुसरा घास गेला. मग अण्णासाहेबांनी न सांगता पुन्हा आरंभ केला.

पुढे कलनवीसांनी हे कचेरीत सांगितले की, लोक जाहिरात पाहत नाहीत, जाहिरात पाहणाऱ्या आपल्या माणसास पाहतात, आणि त्यास वेळ लागतो. थोरल्या साहेबांस ही खबर फार भावली. यंदाचा कल हाच, ऐसे त्यांनी तेथल्या तेथे जाहीर केले आणि पुसले की, हे सहा सेकंदांत बसेल का?

घरी मात्र तह झाला तो कायम आहे. जेवणाचे समयी पडदा बंद, झाडू अण्णासाहेबांचा, पातेले आईसाहेबांचे, टपटप कलनवीसांचे, आणि त्यांनी "थांबली" म्हणू नये. दवाखान्यातला काटा हलला. फार नाही, बोटभर. डॉक्टरीणबाईंनी पुसले की काय बदललंत, तेव्हा तिघेही छताकडे पाहू लागले.

येणेप्रमाणे झाडूच्या त्या पहिल्या संध्याकाळी वाटीचा तळ दिसला आणि विजय दफ्तरी दाखल करण्यात आला. त्या समयी दारातून कोणी डोकावते तर त्यास एक नवलच दिसते. आजा "आ" करून उभा, त्यास पाहता पाहता लेकीच्या घासासाठी बापाचे मुख उघडे, चमचा पुढे करताना आईचेही उघडे. घरात चार मुखे उघडी आणि घास एकीच्याच मुखी, परंतु भूक चौघांचीही भागली.

तेव्हा मावशीसाहेब, हो, खाते. पाळणा हलला. चिटणीस उठला.