चार चौकटींची फट

फरशीवाल्यानं चौतीस वर्षं लोकांच्या घरात फरश्या बसवल्या आणि कुठल्याही वाद्याला कधी बोट लावलं नाही. असा माणूस वयाच्या एकसष्टाव्या वर्षी संगीतरचना करायला बसला, ही बाब पुढे सरकारदरबारी 'गंभीर' या शेऱ्यासह नोंदली गेली.

बाब तशी साधी होती. त्याची बायको आठ महिन्यांपूर्वी गेली. कपड्यांच्या घड्या घालताना ती एक चाल गुणगुणायची. शब्द नव्हते, कुठल्या गाण्याची नव्हती, तिचीच होती. मध्येच कुठंतरी ती थांबायची, जिन्यावर याचं पाऊल वाजतंय का ते ऐकायची आणि मग राहिलेली चाल पुरी करायची. पाऊल वाजलं नाही तरी पुरी करायची. एका सकाळी दाढी करताना ती चाल आठवायला त्याला दोन मिनिटं लागली. तो घाबरला. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्यानं लेकीला फोन लावला.

लेक आपला जुना कॉम्प्युटर घेऊन आली. "बाबा, याला मिडी म्हणतात. वाजवता यावं लागत नाही. ठोकळा वर ठेवला की वरचा सूर, खाली ठेवला की खालचा. लांब ठोकळा, लांब सूर. तुम्ही मांडायचं, वाजवायचं काम त्याचं."

फरशीवाल्यानं चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं. डाव्या कडेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि पुढे सगळी चौकटींची जाळी.

"ही तर न्हाणीघराची भिंत आहे," तो म्हणाला. "सरक जरा."

सात आठवडे लागले. एक ठोकळा ठेवायचा, ऐकायचं, उपटायचा, एक घर वर बसवायचा. शेवटी अठ्ठेचाळीस ठोकळे बसले. ती थांबायची तिथं त्यानं चार चौकटी मोकळ्या सोडल्या.

"हे राहिलं का?" लेकीनं विचारलं.

"राहिलं नाही, सोडलंय. फट ठेवावीच लागते. गच्च बसवलेली फरशी उन्हाळ्यात फुगून वर येते."

चाल वाजली. आवाज यंत्राचा होता, पण थांबणं तिचं होतं. लेक उठून उगाचच पाणी प्यायला गेली.

आता कॉम्प्युटर जुना. तो कधी राम म्हणेल याचा नेम नाही. तेव्हा इतकी मोलाची वस्तू घरात न ठेवता सरकारी चाल जतन केंद्रात ठेवावी, असा शहाणा विचार त्यानं केला. केंद्राच्या दारावरच लिहिलेलं होतं, 'चाल तुमची, काळजी आमची'. यातलं 'चाल तुमची' एवढंच त्यानं वाचलं. काळजीकडे नीट पाहायला हवं होतं.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज उलटा-सुलटा केला. "वादनाचं प्रमाणपत्र?"

"वाजवता येत नाही. माउसनं मांडलंय."

"मग संगीतकार तुम्ही नाही."

"नाहीच. माझी बायको."

"त्यांचं प्रमाणपत्र?"

"ती वारली हो."

"ते ठीक आहे. पण तसं त्यांनी लेखी कळवायला हवं होतं."

बायकोनं कळवलं नसल्यामुळे संगीतकार तोच ठरला आणि बोटांच्या चाचणीसाठी वरच्या मजल्यावर गेला. तिथं बाकावर दहाही बोटं प्रमाणित झालेले एक गृहस्थ बसले होते. अकरा वर्षं येत होते. त्यांच्याकडे चाल नव्हती. बाकी कागद चोख होते.

परीक्षकांनी फरशीवाल्याचा हात उजेडात धरला, नखातलं सिमेंट टाचणीनं खरवडलं आणि दाखला दिला : 'संगीतकार (एकबोटी). उर्वरित नऊ बोटे अप्रमाणित.'

तिथून शुद्धीकरण अधिकारी. माणूस सौम्य होता. टेबल डुगडुगत होतं म्हणून दोन्ही कोपरं त्यावर दाबून बसला होता.

"काका, चाल गोड आहे. पण इथं चार चौकटी रिकाम्या आहेत."

"ती तिथं थांबायची."

"कशासाठी?"

"मी आलो का ते ऐकायला."

"यायचात?"

"कधी यायचो, कधी नाही."

"म्हणजे कारण अनिश्चित." त्यांनी लिहून घेतलं. "शांतता जतन करणारा विभाग अजून मंजूर नाही. उद्या कुणी विचारलं, या जागेत काय ठेवलंय, तर मी काय काढून दाखवू?"

"साहेब, फट बुजवली तर फरशी उठते."

"ही फरशी नाही, काका."

"तुमच्या पायाखालची आहे. बघा, उठलीय."

साहेबांनी वाकून पाहिलं. एका परिपत्रकाची घडी करून टेबलाच्या पायाखाली सारली आणि बटण दाबलं. पुढचे ठोकळे सरकून मागच्यांना चिकटले. पडदा स्वच्छ दिसू लागला.

"मला हे मान्य नाही."

"अवश्य तक्रार करा, तुमचा हक्क आहे. फक्त चाल पूर्णपणे जतन झाल्याशिवाय तक्रार घेता येत नाही. आणि एका चालीच्या दोन प्रती असल्या तर ती जतन झाली असं म्हणता येत नाही."

म्हणून तक्रार करता यावी यासाठी त्यानं घरची प्रत पुसून घेतली. निरीक्षक स्वतः येऊन पुसून गेले. जाताना म्हणाले, "आता निर्धास्त राहा."

त्यानं तक्रारीचा क्रमांक फिरवला. 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,' असं एक बाई म्हणाली आणि चाल सुरू झाली. तिचीच. अठ्ठेचाळीस ठोकळे, एकाला एक चिकटून. तेवीस मिनिटांनी फोन कटला. मग त्यानं रोज फोन केला, चौदा दिवस.

पंधराव्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालताना तो स्वतःशीच गुणगुणला आणि न थांबता शेवटाला पोचला. हातातला सदरा टाकून तो कॉम्प्युटरपाशी धावला. सगळे ठोकळे पुन्हा मांडले. चार चौकटी सोडायच्या, हे पक्कं ठाऊक होतं. कुठे, ते आठवेना. त्यानं लेकीला विचारलं. तिलाही आठवेना. तिनंही रोज फोन लावून पाहिला होता.

महिन्याभरात उत्तर आलं : 'सदर चालीबाबत अठ्ठ्याण्णव टक्के श्रोत्यांनी समाधान नोंदवले आहे. सबब आपली तक्रार एकट्याची असल्याने निकाली काढण्यात येत आहे.'

चाल इतकी पसंत पडली की पाणी, वीज, विमा, इस्पितळ, सगळ्यांनी ती आपापल्या फोनवर लावून घेतली. तुम्हीही ऐकली आहे. मागच्या आठवड्यात फोन कानाला लावून, दुसऱ्या हातानं पेपर चाळत, अठरा मिनिटं. मग ती बाई म्हणाली, समाधानी असाल तर एक दाबा, नसाल तर दोन दाबून प्रतीक्षा करा.

तुम्ही एक दाबलंत.